केरोबाबांचा टाळ

"म्हणजे बाबा परत आले, असंच म्हणायचं ना, आऊ?"

तन्मय दारात धापा टाकत उभा होता. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत तो पळत आला होता. मठात पळू नये, ही पाटी त्यानंच रंगवून भिंतीवर लावली होती.

आऊंनी मान वर केली नाही. चुलीवरून उतरवलेलं दूध कोमट झालं होतं. दह्याच्या गाडग्यातून त्या चमचाभर दही काढून एका पितळी वाटीत घालत होत्या. वाटी शेजारच्या दुरपदाची होती. ती विरजण न्यायला आली होती आणि उंबऱ्याशी पदर खोचून उभी होती.

"कोण परत आलं म्हणतोस?"

"बाबा! केरोबाबा! आज पुन्हा टाळ वाजला, आऊ. देवघरात मी एकटाच होतो. भजन नाही, माणूस नाही... आणि आतून टक. टक. टक."

"कशाच्या आतून?"

"डबीच्या!"

दुरपदानं आऊंकडून घेतलेल्या वाटीसकट दोन्ही हात कपाळाला लावले. त्या नादात वाटी कलंडता कलंडता राहिली.

"दही सांभाळ," आऊ म्हणाल्या.

केरोबाबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. हयात असताना ते रोज संध्याकाळी मठाच्या ओट्यावर बसून बोलत आणि कुणी ना कुणी ते कॅसेटवर भरून ठेवत असे. तन्मय पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून रेवणवाडीच्या मठात आला, तेव्हा त्या कॅसेटींना बुरशी धरू लागली होती. त्यानं हिवाळाभर बसून एकेक कॅसेट वाजवली आणि बाबांचा सगळा आवाज एका हार्ड डिस्कमध्ये उतरवून घेतला. तळहाताएवढी काळी वस्तू. गाव तिला डबी म्हणू लागलं.

मग त्यानं कॅसेटींची उत्तरपूजा केली. जुन्या मूर्तीची करतात तशी. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि ओढ्याच्या डोहात सगळ्या सोडून दिल्या.

"दोन्ही असू दे की रे," आऊ त्या दिवशी म्हणाल्या होत्या.

"आता गरज नाही, आऊ. आता बाबा अमर झाले."

डबी देव्हाऱ्यात गेली. बाबांच्या पादुकांशेजारी, भगव्या शालीत गुंडाळून. वर झेंडूचा हार, पुढ्यात निरांजन, बाजूला उदबत्तीचं घर. शालीतून एक काळी वायर निघून खिडकीवाटे शेजारच्या खोलीतल्या संगणकाकडे जात असे. रोज आरती झाली की कर्ण्यातून बाबा बोलत. सगळा मठ माना डोलवत ऐकत असे.

आणि गेल्या अमावास्येपासून डबीनं टाळ धरला होता.

गावात नुसता कल्लोळ उडाला. मठाचे म्हातारे टाळकरी भिकोबा यांनी शालीला कान लावला आणि ते ढसाढसा रडले. "माझ्यापरीस बाबांचा हात हलका हाय," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. शेजारच्या गावांतून टेम्पो भरून माणसं येऊ लागली. उद्या बाबांची पुण्यतिथी होती. उद्या तर मठात पाय ठेवायला जागा उरणार नव्हती.

"आऊ, तुम्ही एकदा तरी ऐकायला या ना," तन्मय म्हणाला. "सगळं गाव ऐकतंय आणि बाबांच्या पट्टशिष्येनंच ऐकलेलं नाही."

"ऐकते. आधी तू सांग. टाळ धरतात, आणि आणखी काय काय करतात बाबा?"

तन्मयचे डोळे चमकले. तो तिथंच पाटावर बसला.

"बोलता बोलता मध्येच थांबतात. शब्द अर्धाच राहतो. मग कितीतरी वेळ शांतता... आणि पुन्हा तिथूनच पुढं! समाधी लागते, आऊ."

"बरं."

"पूर्वी बटण दाबलं की लगेच बोलायचे. आता उशीर लावतात. विचार करून बोलतात."

"मरण आलं आणि विचार करायला लागले. बरं... आणखी?"

दुरपदा पदरात तोंड लपवून हसली. तन्मयचं तिकडे लक्ष नव्हतं.

"परवा सकाळी एक निरूपण अख्खं नाहीसं झालं. शोधशोध शोधलं, नाही. आणि संध्याकाळी बघतो तर जागेवर! अंतर्धान पावले आणि दर्शन दिलं!"

"आणि डबी? हाताला कशी लागते?"

"गरम! शालीवरूनसुद्धा ऊब लागते. तेज आहे ते, आऊ."

"संगणक काय म्हणतो?"

"तो मेला रोज विचारतो, या डिस्कमध्ये काहीतरी बिघाड दिसतोय, तपासू का? मी रोज नाही म्हणतो. गुरूची का परीक्षा घ्यायची असते?"

आऊंनी गाडग्यावर झाकण ठेवलं. मग पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"टाळ वाजतो म्हणतोस. तालात?"

"अगदी तालात!"

"मग ते केरोबाबा न्हाईत."

"...का?"

"त्यांना जन्मात टाळ धरता आला न्हाई. भिकोबाच्या बापानं त्यांच्या हातातून टाळ काढून घेतला होता. म्हणाला, बाबा, तुम्ही नुसतं बोला, भजनाचा सत्यानाश करू नका. तेव्हापासून बाबा भजनात हात मांडीखाली दाबून बसायचे."

दुरपदाला आता हसू आवरेना. "व्हय व्हय! माझी सासू पण सांगायची!"

तन्मय हसला नाही. त्याचा चेहरा तांबडा झाला.

"पण गुरूला देह सोडल्यावर काहीही येऊ शकतं, आऊ."

"येत असंल. मला काय ठाऊक..." आऊंनी चूल विझवायला घेतली. एकेक लाकूड बाहेर ओढत त्या म्हणाल्या, "तुझ्या पुण्याच्या हापिसात असल्या डब्या होत्या?"

"शेकड्यांनी होत्या. माझं कामच ते होतं."

"त्यातली एखादी टकटकली तर?"

"बंद करायची. तत्क्षणी." तन्मय ताठ बसून पाढा म्हणावा तसं म्हणू लागला. "टकटक, अडखळणं, उशीर लागणं, वस्तू गायब होणं, तापणं, यातलं काहीही एक दिसलं तरी थांबायचं. पुन्हा पुन्हा चालू करून बघायचं नाही. आत एक अगदी नाजूक सुई असते, ती भरकटली की टकटकते. दर टकटकीला ती आतलं लिहिलेलं खरवडत असू शकते. म्हणून आधी मोलाचं असेल ते दुसरीकडे उतरवून घ्यायचं. नाहीतर डबी कुठल्याही क्षणी..."

तो थांबला.

आऊ लाकडावर पाणी शिंपडत होत्या. चर्र झालं. धूर झाला.

"कुठल्याही क्षणी काय?" दुरपदानं विचारलं.

तन्मयचे ओठ नुसते हलत होते. टकटक... अडखळणं... उशीर... तो मनातल्या मनात तोच पाढा पहिल्यापासून म्हणत होता. या वेळी मात्र प्रत्येक शब्दापाशी त्याला शालीतली डबी दिसत होती.

"आऊ," तो शेवटी म्हणाला, "कॅसेटी तर मी डोहात..."

"व्हय. दहीभात मीच केला होता."

आणि तेवढ्यात देवघरात कर्णा खरखरला.

इकडे बोलण्याच्या नादात तिकडे आरती उरकली होती. संगणकाचं बटण कुठलं दाबायचं, हे भिकोबांना आता येत होतं. अंगण ओलांडून केरोबाबांचा घोगरा, मायाळू आवाज स्वयंपाकघरात आला. "बाळांनो..."

तन्मय उठला तो वाऱ्यासारखा. पळू नये ही पाटी त्याच्या खांद्याला लागून खाली पडली. मागोमाग चुलीपाशी कसलातरी धप्प आवाज झाला. मठाचा बोका होता. पण कुणीही मागं वळून पाहिलं नाही.

देवघर गच्च भरलं होतं. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं. धुपाचा धूर छताला लागला होता. शालीखाली डबी वाजत होती. टक. टक. टक. आणि भिकोबा डोळे मिटून तिच्याबरोबर टाळ वाजवत होते.

कर्ण्यातून बाबा म्हणत होते, "बाळांनो, ज्यानं आपलं सगळं एकाच..."

आवाज थांबला.

"समाधी!" कुणीतरी कुजबुजलं. सगळ्यांचे हात जोडले गेले. एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली आणि तन्मयच्या पायांवर डोकं ठेवू लागली. "तुमच्यामुळं ऐकायला मिळालं, महाराज."

महाराज! याआधी त्याला कुणी महाराज म्हटलं नव्हतं.

वायर हाताच्या अंतरावर होती. तन्मयला सगळं ठाऊक होतं. पण त्याचा हात काही उचलेना. आत्ता हे बंद केलं तर या सगळ्यांना काय सांगायचं? अमावास्येपासून मीच सांगत सुटलो, ते काय होतं म्हणायचं? उद्या तर आणखी टेम्पो येणार... उद्यापुरतं तरी चालू दे. उद्या पुण्यतिथी झाली की लगेच बंद करू. एकच दिवस.

टक. टक. टकटक. टक.

ताल बिघडला होता. भिकोबांचा टाळ चुकला. त्यांनी डोळे उघडले.

गर्दी बाजूला झाली. आऊ आल्या होत्या. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांनी निरांजन उचलून लांब कोनाड्यात ठेवलं. उदबत्तीचं घर खिडकीबाहेर ठेवलं. मग डबीवरचा हार काढला.

आणि मग शाल काढली.

"आऊ!" भिकोबा ओरडले. "बाबांची शाल!"

"उकडतंय तिला."

काळी डबी उघडी पडली. तिच्यावरचा इवलासा दिवा थरथरत होता. इतकी साधी, इतकी लहान वस्तू पाहून माणसं एकमेकांकडे बघू लागली.

आऊंनी हार तन्मयच्या हातात दिला.

"हा धर. डबीनं काही मागितला नव्हता."

तन्मय त्या हाराकडे बघत राहिला. मग तो कुणालाही न ढकलता, हळू, शेजारच्या खोलीत गेला. त्यानं संगणकाला डबी सोडायला सांगितली. मग वायर काढली.

टकटक थांबली. कर्णा मुका झाला. इतकी शांतता झाली की कडेवरच्या एका पोराची उचकी सगळ्यांना ऐकू आली.

तो परत आला तेव्हा भिकोबा वाट अडवून उभे होते.

"बाबांना बोलता बोलता गप्प केलंस? वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं, लेका! आपलं सगळं एकाच... एकाच काय? काय म्हणत होते ते?"

"ते मलाही माहीत नाही, काका."

"मग?"

तन्मय भिकोबांसमोर येऊन उभा राहिला. हार अजून त्याच्या हातातच होता.

"तो टाळ नव्हता. डबी आजारी आहे. मरायला टेकली आहे. टकटकीचा अर्थ तोच असतो आणि मला तो माहीत होता. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होता... मला चमत्कार हवा होता, म्हणून मी ओळख दाखवली नाही."

पायांवर डोकं ठेवणारी म्हातारी आपला पदर सावरत मागं सरकली.

"म्हंजे मी रडलो ते..." भिकोबांचा आवाज चिरकला.

"रडलास ते खरं होतं," आऊ म्हणाल्या. "जा, जेवून घे."

माणसं पांगली. डबी गार फरशीवर ठेवली होती. तन्मय तिच्याशेजारी मांडी घालून बसला होता. हात चुळबुळत होते.

"आऊ, एकदाच लावून बघतो. बाबा अजून आत आहेत का, एवढंच. एकदाच."

आऊ स्वयंपाकघरात निघाल्या होत्या. त्या दारात थांबल्या.

"गाडग्याच्या तळाशी शेवटचं चमचाभर दही उरलं, तर तू काय करतोस?"

"विरजण लावतो."

"चव न्हाई बघत?"

तन्मयनं हात मांडीखाली दाबून धरले आणि तो तसाच बसून राहिला.

सकाळी पहिल्या एसटीनं तो नवी डबी आणायला तालुक्याला गेला. दुकानदारानं विचारलं, "एक देऊ?" आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "दोन."

परत आला तेव्हा मठासमोर टेम्पो उभे होते. चमत्कार नाही, ही बातमी रात्रीतच पंचक्रोशीत पोचली होती. तरी माणसं आली होती. काही बघायला, काही हसायला. आणि बरीचशी नुसतीच, कारण पुण्यतिथी होती आणि आमटीभात होता.

"काय महाराज, बाबा उठले का?" टेम्पोवाला ओरडला.

"आता बघतो," तन्मय म्हणाला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. लाज वाटत नव्हती. छातीत नुसती धडधड होती, परीक्षेचा पेपर हातात पडायच्या आधी होते तशी.

खोलीत पंखा लावला. डबी उघड्या दगडी फरशीवर ठेवली. वायर जोडली. दारात आऊ बसल्या. त्यांच्यामागं दुरपदा, भिकोबा आणि खिडकीत कितीतरी तोंडं.

डबी घरघरली... घरघरली... आणि पडद्यावर यादी उमटली.

"आहेत!" तन्मय ओरडला. "आहेत, आऊ! सगळी नावं दिसतायत!"

बाहेर एकच गलका झाला. "आहेत! बाबा आहेत!"

त्यानं पहिल्या निरूपणावर बोट ठेवलं. पहिलं, मग दुसरं, मग तिसरं, असं ओळीनं उतरवून घ्यायचं.

"घराला आग लागली तर तू ओसरीपासून सामान काढत बसतोस काय रे?" मागून आऊ म्हणाल्या.

बोट थांबलं. "खरंच की. आधी मोलाचं." त्यानं यादी खाली सरकवली. "दसऱ्याचं निरूपण घेतो. सगळ्यात मोठं, सगळ्यात गाजलेलं."

"ते मला पाठ हाय," भिकोबा म्हणाले.

"मग महाशिवरात्रीचं."

"ते माझ्या सासूला पाठ होतं, तिच्याकडनं मला," दुरपदा म्हणाली. "म्हणून दाखवू?"

तन्मय गोंधळून वळला. "मग आधी काय घेऊ, आऊ? तुम्हीच सांगा. मोलाचं काय?"

"जे कुणाला पाठ न्हाई ते."

"असं काय आहे? गाजलेलं सगळं तर गावाला पाठ आहे."

आऊ खिडकीतल्या तोंडांकडे बघत होत्या. आणि बघता बघता त्यांचे खांदे हलू लागले. तन्मयला आधी वाटलं त्या रडतायत. पण त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय झालं, आऊ?"

"काही न्हाई. दुरपदाच्या सासूची म्हैस आठवली."

तन्मय गर्रकन पडद्याकडे वळला. त्यानं यादी झरझर खाली सरकवली, अगदी तळाशी. तिथं एक नाव होतं. त्यानंच हिवाळ्यात दिलेलं. त्या कॅसेटीत बाबा वैराग्यावर बोलायला लागतात आणि तेवढ्यात कुठलीशी म्हैस ओट्यावर चढते. पुढं निरूपण असं नाहीच. नुसता आरडाओरडा आणि हसणं. कितीतरी वेळ हसणंच. निरूपण वाया गेलं, म्हणून त्यानं नाव दिलं होतं: "खराब". पुसूनच टाकणार होता. विसरला म्हणून राहिलं होतं.

"खराब" हे त्यानं सगळ्यांत आधी उचललं.

पडद्यावरची हिरवी पट्टी सरकू लागली. सरकली... सरकली... थांबली.

टक.

खिडकीतलं कुणी श्वास घेईना.

टक. टक.

"चल की गं बाई," दुरपदा पुटपुटली. म्हशीला म्हणावं तसं.

पट्टी हलली. रांगत रांगत शेवटाला गेली आणि नाहीशी झाली. तन्मयनं नव्या डबीत उतरलेला आवाज कर्ण्याला जोडला.

"...तर बाळांनो, वैराग्य म्हणजे काय, तर कशाचीही... अगं ए! कुणाची गं ही? अरे धरा तिला! माझी शाल! शाल खातीय ती! घे बाई, घे, घे, तूच मला वैराग्य शिकव..."

आणि केरोबाबा हसले.

ते हसणं कुठल्याही ताला-सुरात नव्हतं. मध्येच श्वास अडकायचा, मध्येच खोकला यायचा, थांबतंय म्हणेतो पुन्हा फुटायचं. खोलीतून ते अंगणात गेलं, अंगणातून टेम्पोंपर्यंत. माणसं हसू लागली. ज्यांनी बाबांना पाहिलं होतं ती आणि ज्यांनी कधीच पाहिलं नव्हतं तीही. भिकोबांनी हसत हसत भिंतीला डोकं टेकलं. दुरपदा सगळ्यांना धरून धरून सांगत होती, "आमची म्हैस! आमची हुती ती!"

तन्मय हसत होता आणि हसत हसतच त्याचा हात भराभर पुढची नावं उचलत होता. कुणाला पाठ नाही ते आधी. बाबांनी एका पोराला दिलेली शिवी. पाऊस लांबला तेव्हाची नुसती शांतता. हरवलेल्या काठीची चौकशी. मग लहान निरूपणं. मग मोठी. पट्टी सरकायची, थांबायची, सरकायची. प्रत्येक नाव पोचलं की खिडकीतून आरोळी उठायची, जत्रेतल्या कुस्तीला उठते तशी.

दसऱ्याच्या निरूपणापाशी ताल बिघडला.

टकटक. टक. टकटकटक.

पडद्यावर ओळ उमटली. डिस्कमध्ये बिघाड आहे. दुरुस्त करू का?

अजून पुष्कळ नावं उरली होती. कालचं अर्धं वाक्यही त्यातच होतं. ज्यानं आपलं सगळं एकाच... तन्मयचं बोट "हो"वर येऊन ठेपलं. नुसतं दाबायचं. कदाचित सगळंच मिळेल. कदाचित आहे तेही जाईल.

"दाब की!" टेम्पोवाला खिडकीतून म्हणाला. "एवढं आलं, उरलेलंही येईल!"

तन्मयनं आऊंकडे पाहिलं. आऊ आपल्या नखांकडे बघत होत्या.

त्यानं बोट मागं घेतलं. "नाही" दाबलं. संगणकाला डबी सोडायला सांगितली आणि वायर काढली.

"बास," तो म्हणाला. "हिला आता मी पुण्याला नेतो. बिघडलेल्या डब्या उघडून आतलं वाचणारी माणसं आहेत तिथं. आलं तर येईल. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा."

"आणि न्हाई आलं तर?" भिकोबांनी विचारलं.

"तर तुम्ही म्हणायचं, काका. दसऱ्याचं तुम्हाला पाठ आहे ना? मी तुमचा आवाज भरून घेईन."

"माझा?" भिकोबांनी टोपी सारखी केली. त्यांना काय करावं कळेना. शेवटी ते घसा खाकरत अंगणात गेले आणि कुणी सांगायच्या आतच म्हणू लागले. दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्यांची चूक काढली. त्यावरून लगेच भांडण जुंपलं.

पंगती उठेपर्यंत तन्मयनं नव्या डबीतलं सगळं दुसऱ्या नव्या डबीत उतरवून घेतलं. मग दोन्ही दोन हातांत घेऊन तो स्वयंपाकघरात आला. पळत नाही, पण जवळजवळ.

"आऊ! झालं! दोन झाल्या!" त्यानं हात पुढं केले. "एक कपाटात ठेवतो. उघडी, गार. शाल नाही, हार नाही. आणि ही दुसरी कुठं ठेवू? तिच्याचशेजारी ठेवू का? की देव्हाऱ्याच्या मागं?"

आऊ चुलीपाशी वाकल्या होत्या. कोपऱ्यात गाडग्याच्या खापऱ्या झाडून ठेवल्या होत्या. बोक्यानं आदल्या संध्याकाळी सगळं दही लवंडून चाटून पुसून साफ केलं होतं. पातेल्यात ताजं दूध कोमट होत होतं.

"अरे! विरजण गेलं की, आऊ! आता?"

आऊंनी फळीवरून एक वाटी काढली. पदरानं पुसली. आणि त्याच्यापुढं धरली.

"दुरपदाकडं जा. माझं दही घेऊन ये."

तन्मय वाटीकडे बघत राहिला. मग हातातल्या दोन डब्यांकडे. मग पुन्हा वाटीकडे.

आऊ दूध ढवळायला वळल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"आणि शेजारणीच्या दारात रिकामी वाटी घेऊन जाऊ नकोस. बरं दिसत न्हाई."